मुखडा पास, अंतरा रिवर्कला

पिंपरी-चिंचवडमध्ये संगीतकाराचा फोन बुधवारी संध्याकाळी येतो. कारण इथल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बाकीचा महाराष्ट्र रविवारी मटण खाऊन आडवा होतो तेव्हा आमचा माणूस मशीनपुढे उभा असतो, आणि गुरुवारी तो मोकळा होतो तेव्हा पुण्यातले सगळे नातेवाईक ऑफिसात. अशा माणसाला जवळ करणाऱ्या गोष्टी दोनच, देव आणि नाटक. देवासाठी एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि मध्ये चिंचवडचे मोरया गोसावी. नाटकासाठी चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरला आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीला अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवला निळू फुल्यांच्या नावाचं. नाट्यगृहं मोजता येतात. चाली लावणारे मोजता येत नाहीत.

फोनवर संगीतकार मोजकंच बोलतो. “उद्या सकाळी दहाला या. नव्या नाटकातलं एक पद झालंय. पोहे आहेत.” यातलं शेवटचं वाक्य अनुभवातून आलेलं असतं. नुसत्या पदाला माणसं येत नाहीत, आणि नुसत्या पोह्यांना आली तर पदाच्या आधी उठतात. म्हणून जाणता संगीतकार पोहे मुखड्यानंतर आणि चहा अंतऱ्यानंतर ठेवतो.

आमचे संगीतकार राहायला निगडीत आणि नोकरीला चाकणला, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. दिवसा डाय आणि फिक्श्चर, रात्री हार्मोनियम. “नोकरी सांभाळून हे कसं जमतं?” असं त्यांना कधी विचारू नये, कारण ते तडक १८८० सालात जातात. मराठी संगीत नाटकाचा पायाच मुळी एका पगारदार माणसानं घातला. अण्णासाहेब किर्लोस्कर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते, आणि ३१ ऑक्टोबर १८८० ला त्यांनी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं. तिथून संगीतकार उडी मारतात ती १९७४ सालच्या ‘महानिर्वाण’वर. नाटक सतीश आळेकरांचं, संगीत आनंद मोडकांचं, आणि मोडक बँकेत नोकरीला. “रेव्हेन्यूची पाळी झाली, बँकेची झाली,” ते म्हणतात, “आता टूलरूमची.”

किर्लोस्करांकडून त्यांनी आणखी एक गोष्ट उचलली आहे. त्या पहिल्या प्रयोगात ‘शाकुंतल’चे सातपैकी चारच अंक झाले होते. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं तेही आधी तीनच अंकांचं. त्यामुळे “अंतरा कुठाय?” असं कुणी विचारलं की उत्तर तयार: “अण्णासाहेबांनी तरी पहिल्या दिवशी सगळं कुठे दाखवलं होतं?” इतिहासाचा इतका रोकडा उपयोग करणारा माणूस आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

त्यांना चाली सुचतात कंपनीच्या बसमध्ये. बस स्पाइन रोडनं मोशीला येते, पुणे-नाशिक रस्त्याला लागते आणि चाकणच्या दिशेनं सरकू लागते. या रस्त्यावर लय माणसाच्या हातात नसते. मोशीपर्यंत द्रुत, चिंबळी फाट्याला मध्य, आणि तळेगाव चौकाच्या अलीकडे विलंबित, तीही अशी की एका मात्रेत डबा उघडून, खाऊन, परत बंद करता यावा. एखादा कंटेनर रस्त्यात आडवा झाला की मग लय सुटतेच, नुसता आलाप. सुचलेलं विसरू नये म्हणून ते मोबाइलमध्ये गुणगुणून आम्हाला पाठवतात. त्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज तिसऱ्या क्रमांकाला असतो. पहिला ट्रकच्या हॉर्नचा, दुसरा शेजारी घोरणाऱ्या सहकाऱ्याचा. आमच्या गटातल्या एका दर्दी माणसानं अशाच एका तुकड्यातल्या एका जागेला कळवळून दाद दिली होती. ती जागा ट्रक मागे घेताना वाजणाऱ्या भोंग्याची होती. संगीतकारांनी दाद परत केली नाही. भोंगा नाटकात घेतला.

नाटकाचं हे वारं तसं शहरभर आहे. २०२४ च्या जानेवारीत १०० वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन पिंपरी-चिंचवडला भरलं, जब्बार पटेल अध्यक्ष होते. एवढे नट, नाटककार आणि मांडव एकदम पाहिल्यावर ज्याच्या घरी जावं त्याच्या कपाटात दोन अंक तयार. आमची मंडळी त्याआधीची, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत मुरलेली, पण गद्यवाली. गद्य नाटकाला पडदा, दिवे आणि रजा या तीन गोष्टी जमल्या की झालं. संगीत नाटकाला चौथी गोष्ट लागते, सूर, आणि तो स्टोअरमधून इश्यू होत नाही.

आमच्या संगीत नाटकासाठी विषय पहिल्यांदा निघाला तो तुकोबांच्या बायकोचा, आवलीचा. भंडारा डोंगर आमच्या तळेगाव-चाकण रस्त्याला, देहू शेजारी, म्हणजे घरचंच काम. पण २०१७ मध्ये नाशिकच्या प्राजक्त देशमुखांचं त्याच आवलीवरचं ‘संगीत देवबाभळी’ आलं, आनंद ओकांनी त्याला संगीत दिलं, आणि त्यानंतर भाकरी घेऊन त्या डोंगराची वाट धरायची दुसऱ्या कुणाची छाती राहिली नाही. “डोंगर आपला, बाभूळ आपली, आणि नाटक नाशिकचं!” हे दुःख संगीतकारांनी बरेच दिवस पोटात ठेवलं. मग कुणीतरी म्हणालं, चाकणचं असं काहीतरी घ्या जे नाशिककर नेऊ शकणार नाहीत. कांदा सुचला, पण कांद्याच्या बाबतीत नाशिककरांपुढे बोलायची सोय नाही. शेवटी किल्ला ठरला.

चाकणला किल्ला आहे हे रोज चाकणला जाणाऱ्यांनाही सांगावं लागतं. संग्रामदुर्ग. भुईकोट. १६६० मध्ये शाहिस्तेखान प्रचंड फौज घेऊन त्याला भिडला आणि आत फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी बसला होता. हा भुईसपाट किल्ला दोन दिवसांत घेऊ असं वाटलेल्या खानाला जवळजवळ दोन महिने लागले. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा कुठे मोगल आत शिरले. खान या माणसावर एवढा खूश झाला की त्याला चाकरी देऊ केली. फिरंगोजीनं ती नाकारली. आजच्या चाकणला या प्रसंगाचं विशेष वाटतं. चांगल्या पॅकेजला नाही म्हणून जुन्याच ठिकाणी परत गेलेला माणूस इथे सहसा आढळत नाही. आणि चाकणमध्ये शिरायला वेळ लागतो याचंही कुणाला आश्चर्य वाटत नाही. नाटक लिहून झाल्यावर दिग्दर्शक म्हणालेच, “खानाचं काय घेऊन बसलात, आपली बस रोज वेढा घालते.”

तर गुरुवारी सकाळी दहा वाजता आम्ही निगडीत जमतो. संगीतकारांनी आदल्या रात्री कीबोर्ड, स्पीकर, लॅपटॉप अशी जय्यत तयारी केलेली असते, आणि सव्वादहाला वीज जाते. गुरुवारी कारखाने बंद म्हणून विजेची दुरुस्तीही गुरुवारी, हा या पट्ट्याचा जुना हिशोब. तेव्हा माळ्यावरची हार्मोनियम खाली येते. ती आली की वातावरण एकदम १८८० चं होतं, फक्त पंखा बंद असतो. तोही १८८० मध्ये नव्हताच.

आता पद सुरू होईल असं नवख्याला वाटतं. तसं होत नाही. आधी प्रसंग. “प्रसंग असा आहे,” संगीतकार भाता उघडून म्हणतात आणि भाता तसाच उघडा राहतो. वेढ्याचा पन्नासावा दिवस. रात्र. किल्ल्यातलं धान्य संपत आलंय. फिरंगोजी तटावर. खाली मोगलांच्या मशाली. त्याची बायको येते. ती बोलत नाही. तोही बोलत नाही. इथे दिग्दर्शक हळूच म्हणतात की संहितेत ती बोलते, दोन पानं बोलते. संगीतकार म्हणतात की ती दोन पानं आता या पदात आली आहेत. इथे लेखक पाणी पितात.

मग प्रत्यक्ष चाल. आणि चाल ऐकवणाऱ्या संगीतकाराइतका एकटा माणूस रंगभूमीवर दुसरा नसतो. तोच फिरंगोजी, तोच त्याची बायको, तोच मावळे, तोच मोगल, आणि मध्ये तोंडानं “धडाड्” करून तोच बुरूज. “मी आत्ता काळी एकमध्ये गातोय,” ते बजावतात, “ती काळी चारमध्ये गाईल, तेव्हा चित्र वेगळं.” म्हणजे बायको खर्जात घोगरतेय ते आपण कानाआड करायचं. “इथे ऑर्गन भरेल.” म्हणजे इथली शांतता आपण भरायची. “इथे बारा जणांचा कोरस, वरून संबळ, मागून दिवट्या.” आपल्यासमोर एक टक्कल पडलेला सद्गृहस्थ, बोटाला ग्रीसचा डाग, मागे भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर. पुनावळे-रावेत भागात बिल्डर खड्ड्याच्या काठावर उभा राहून “हा क्लबहाऊस, ही बाग, हा तुमचा सातवा मजला” असं दाखवतो आणि आपण खड्ड्यात बघून मान डोलावतो, तसलाच हा व्यवहार. फरक इतकाच की बिल्डर टोकन घेतो, संगीतकार दाद घेतो.

दाद कुठे द्यायची हा आणखी एक घोळ. माहितीचं नाट्यगीत असलं की सोपं असतं. कुठली जागा येणार ते पाठ असतं, तिच्या अर्धी मात्रा आधी “वा” सोडलं की आपण जाणकार. नव्या चालीत जागा कुठे आहे ते फक्त एकालाच ठाऊक, आणि तो गातोय. त्यामुळे श्रोते संगीतकाराच्या भुवयांकडे बघत बसतात. भुवई चढली की “क्या बात है”. एकदा माशी बसली म्हणून भुवई चढली आणि चौघांनी दाद दिली.

संगीत नाटकाच्या पहिल्या पिढीतल्या श्रोत्याला हा ताप नव्हता. तेव्हाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या प्रसिद्ध पदाचं नाव असे. लावणी, साकी, दिंडी, कीर्तनातलं पद, जे लोकांच्या ओठांवर होतं त्याच्यावर नवे शब्द चढवायचे. चाल ऐकवायची भानगडच नाही. ऐकणाऱ्याला ती आधीच येत असे. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि त्या चालींवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी पदं लिहिली. म्हणजे ‘केसरी’त सरकारला धारेवर धरणाऱ्या खाडिलकरांनाही पेटीपुढे बसून आधी चाल ऐकावी लागलीच. पुढे जितेंद्र अभिषेकींचा काळ आला, ‘मत्स्यगंधा’ १९६४ मध्ये, ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये, आणि नाटकातलं पद म्हणजे पूर्वी न ऐकलेली चाल असं पक्कं झालं. तेव्हापासून मराठी घरांत पोह्यांचा खप वाढलेला असावा.

आमच्या बैठकीची खासियत म्हणजे श्रोत्यांच्यात एकही रिकामटेकडा रसिक नाही. प्रत्येकजण आयुष्यभर दुसऱ्यानं केलेला माल तपासत आलेला. गाणं ऐकतानाही हात खिशातल्या पेनाकडे जातो.

क्वालिटीवाले काका पहिले बोलतात. “मुखडा पास. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत व्हेरिएशन आहे. पहिल्यांदा गायलात ती वेगळी, दुसऱ्यांदा वेगळी.”

“अहो, ती हरकत आहे,” संगीतकार म्हणतात.

“हरकत माझीही आहे,” काका म्हणतात. “पण पीस टू पीस फरक चालणार नाही. अप्रूव्ह कुठला करायचा?”

प्रेस शॉपमधून निवृत्त झालेले आबा दाराजवळ बसतात. चाळीस वर्षं पॉवर प्रेसच्या धडधडीत उभं राहिल्यानं त्यांना सूर बेताचे ऐकू येतात, आणि पोह्यांनंतर डोळाही लागतो. पण प्रेसचा ठोका जरा इकडेतिकडे झाला की बोट जाणार हे ज्याच्या हाडात भिनलंय त्याला लय शिकवावी लागत नाही. अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना संगीतकार एक मात्रा खातात आणि आबा झोपेतून खडबडून उठतात. “मशीन बंद करा! काहीतरी सुटलं!” टेप लावून तपासलं तर खरंच मात्रा सुटलेली असते. सगळ्या बैठकीत तांत्रिकदृष्ट्या बिनचूक शेरा एवढा एकच, आणि तो झोपेतला.

युनियनचे भाऊ सुरांत शिरतच नाहीत. ते घड्याळ लावून बसतात. “फिरंगोजीला सोलो साडेचार मिनिटं. मावळ्यांना कोरसमध्ये दोन ओळी, त्याही ‘जी जी रं जी’. लढलं कोण?” संगीतकार म्हणतात की मावळ्यांचा पोवाडा दुसऱ्या अंकात आहे. “दुसऱ्या अंकाचं आश्वासन आम्ही करारात पुष्कळ पाहिलंय,” भाऊ म्हणतात. “लेखी द्या.”

कॉस्टिंगवाले वहीत मांडून मोकळे. “बारा जणांचा कोरस सहांत बसवा. सहाजण मोठ्यानं गातील. संबळ आणि ढोलकी एकाच माणसाला द्या. बुरूज रेकॉर्डेड.” ऑर्गनच्या जागी काय चालेल यावर त्यांचा अभ्यास आधीच झालेला असतो.

चिखलीचे भजनीबुवा अत्यंत प्रेमळ. प्रत्येक चाल ऐकून ते गदगदतात आणि म्हणतात, “ही आमच्याकडे दर एकादशीला असते.” संगीतकाराला याहून मोठा घाव नाही. बुवांच्या मनात मात्र तो सर्वांत मोठा गौरव असतो. एकादशीला टिकलेली चाल म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक.

संगीतकारांचा भाचा आकुर्डीला इंजिनिअरिंगला. फिरोदिया करंडक स्पर्धेत स्टेजवर गिटार, चित्रकला आणि कोलांटउडी एकाच वेळी करून आलेला. त्याचं म्हणणं, “मामा, भीमपलास ओके आहे, पण ड्रॉप कुठे आहे?” मामांना वाटतं सूर उतरला. मग ड्रॉप म्हणजे काय यावर अर्धा तास, आणि शेवटी ठरतं की बुरूज पडतो तोच ड्रॉप. दोन पिढ्यांचं एकमत झालेलं मी पाहिलंय ते तेवढ्या एका बुरुजावर.

आता खरा घोटाळा सांगतो. चाल आधी आणि शब्द मागून अशी पद्धत असली की मधल्या काळात संगीतकाराला तोंडात घालायला काहीतरी लागतं. त्याला डमी शब्द म्हणतात. मीटर कळावं, गुरु-लघु कळावेत, बस. अर्थ नसलेलाच बरा. आमच्या संगीतकारांचे डमी शब्द कंपनीच्या गेटावर सुचलेले. तटावरच्या रात्रीचं करुण, गंभीर पद, भीमपलास, भाता सावकाश, डोळे मिटलेले, आणि शब्द असे:

“गेटपास दाखवा, गाडी बाजूला लावा,
साहेब मीटिंगमध्ये, निरोप ठेवून जावा.”

आमचे कवी हे ऐकताना सतरंजीच्या दशा मोजत असतात. कवी परचेसमध्ये आहेत, स्वभावानं हळवे. या मीटरवर त्यांनी तीन आठवडे घालवून ‘रणधीर’, ‘तिमिर’, ‘शशिकर’ असे शब्द जमवलेले. संगीतकारांनी डमीनंतर तेही गाऊन दाखवले. सगळ्यांनी मनापासून वाखाणले. क्वालिटीवाल्यांनी कवीच्या पाठीवर हात ठेवला. कवींना बरं वाटलं. बैठक संपली.

शुक्रवारी सकाळी बस मोशीला पोचायच्या आत ड्रायव्हर गात होता, “गेटपास दाखवा.” त्याला कुणी शिकवलं, पत्ता नाही. दुपारपर्यंत कँटीनमध्ये ताटांच्या रांगेत ते ऐकू आलं. संध्याकाळी सिक्युरिटीचा माणूस भीमपलासात डबे तपासत होता. युनियनचे भाऊ, ज्यांनी फक्त मिनिटं मोजली होती, त्यांच्याही तोंडात तेच. ‘शशिकर’ कुणाच्या तोंडात नव्हता. खुद्द कवी घरी काय गुणगुणत होते ते त्यांच्या मिसेसनी आमच्याकडे सांगितलं, आणि ते इथे लिहिणं बरं नाही.

चाल ऐकायला बोलावतात ते कशासाठी, याचं उत्तर त्या शुक्रवारी मिळालं. आम्ही समजत होतो, मत विचारायला बोलावतात. मताला काही किंमत नाही. पोहे खाल्लेल्या माणसाचं मत पोह्यांच्या बाजूनं असतं, आणि व्हर्नियर कमरेला लावलेल्या माणसाचं व्हर्नियरच्या. ऐकणाऱ्याच्या डोक्यात जे येतं ते त्याच्या खात्याचं असतं. गाण्याचा निकाल तोंडात लागतो, तोही दुसऱ्या दिवशी, बेसावध असताना, रांगेत, भांडी घासताना, सिग्नलला. टेंबे-खाडिलकरांच्या वेळीही हेच असणार. नाट्यगृहात दिलेला वन्समोअर मोठेपणाचा. प्रेक्षक घरी जाताना टांग्यात काय गातो ते खरं.

पण कवींचं काय करायचं हा प्रश्न उरला. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बसमध्ये दिग्दर्शकांनी तोडगा काढला. म्हणाले, हे पद तटावरच्या रात्रीचं राहू द्या, शशिकरासकट, आपण ते नीट बसवू. मात्र ही डमी फेकायची नाही. पहिल्या अंकात मोगलांचा एक माजोरी सरदार बोलणी करायला किल्ल्याच्या दरवाज्यावर येतो. त्याला आत सोडायचं नाही, आणि नाही असंही म्हणायचं नाही. अशा वेळी जगातला कुठलाही पहारेकरी काय म्हणतो?

सगळ्यांनी एका सुरात म्हटलं.

“१६६० मध्ये गेटपास होता?” कवी उसळले. तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले, तेही ऐतिहासिक सत्यासाठी.

“गेटपास नव्हता. दस्तक होतं,” दिग्दर्शक म्हणाले. “येण्याजाण्याचा लेखी परवाना.”

कवींनी खिशातून परचेस ऑर्डरचा पाठकोरा कागद काढला. बस चिंबळी फाट्यावर उभी होती, म्हणजे वेळेला तोटा नव्हता. फाट्यावरून बस हलायच्या आत ओळी झाल्या:

“दस्तक दाखवा, घोडी बाजूला लावा,
किल्लेदार सदरेवर, निरोप ठेवून जावा.”

चाल जागच्या जागी. क्वालिटीवाले काका दोनदा म्हणवून घेऊन म्हणाले, “फर्स्ट पीस ओके.” युनियनचे भाऊ खूश, कारण हे गाणं संपूर्ण पहारेकऱ्यांचं, किल्लेदाराला यात एक शब्द नाही. कॉस्टिंगवाले खूश, कारण पहारेकरी चारच. आबांना भाल्याचं बूड जमिनीवर आपटून ठेका धरायचं काम मिळालं, आणि त्यांच्या हातून मात्रा खाल्ली जाणार नाही याबद्दल कुणाला शंका नाही. संगीतकारांनी भीमपलासाची संथ लय काढून तिथे उडता केरवा टाकला, आणि ट्रक मागे घेतानाचा तो भोंगा सरदाराचा घोडा मागे सरतो तिथे बसवला. घोडा मागे सरताना भोंगा का वाजावा, हे विचारणाऱ्याला चाकण माहीत नाही.

एवढ्या वर्षांच्या बैठकांनंतर या बाबतीत माझं मत पक्कं झालंय. संगीतकारानं चाल ऐकायला बोलावलं तर जावं. मत देऊ नये, मागितलं तर पोह्यांवर द्यावं. दाद द्यायची तर डोळे मिटून द्यावी, म्हणजे भुवई आणि माशी यांतला फरक आपल्यावर येत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र नकळत काय गुणगुणलात ते फोन करून प्रामाणिकपणे कळवावं, शब्द कितीही लाजिरवाणे असले तरी. शिफ्टमधून उरलेल्या वेळात चार माणसं उभी करून संगीत नाटक करायला निघालेल्या माणसाला याहून उपयोगी मदत करता येत नाही.

दुसरी मदत पैशाची. तालमी सुरू झाल्यात, तारीख मिळाली की प्रयोग होईल, आणि तो गुरुवारीच होईल. त्या दिवशी ओळखीच्या माणसाला फोन करून फुकट पास मागू नका, सरळ खिडकीवर तिकीट काढा. पास मागायला आलात तर दरवाज्यावरचे चारही पहारेकरी मेकअप करून तयार असतील, आणि ते काय म्हणतील ते आता तुम्हाला चालीसकट पाठ आहे.